कदम डॉक्टरांची मोटार आणि ट्रॅक्टरचा पंप

बॅटरी चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतात, किस्सा चार्ज व्हायला पाच मिनिटं पुरतात. परभणीत स्टेशनच्या मागल्या अंगाला माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून रज्जाक मिस्त्रीचं गॅरेज. ऐंशीच्या आगेमागेचे ते दिवस. माझ्याकडे बॅटऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठत गेले, आणि त्यातले निम्मे एकाच गाडीचे!

ती गाडी कदम डॉक्टरांची. डॉक्टर गुरांचे. सरकारी नोकरीतून रिटायर झाले होते, पण खेड्यातून बोलावणं आलं की बॅग उचलून निघायचे. मोटार मात्र खानदानी. कुण्या जहागीरदाराच्या वारसांकडून घेतलेली, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, विलायती.

तिचं पेट्रोलचं इंजिन कधीच मेलं होतं. मिस्त्रीनं एका जुन्या टॅक्सीचं डिझेल इंजिन त्यात बसवलं. इंजिन ठणठणीत निघालं, पण त्याचा पंप गेलेला. पंप म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मापात आणि वेळेवर डिझेल पाजणारा. तसला पंप परभणीत मिळेना, नांदेडला मिळेना. शेवटी मिस्त्रीनं एका मोडीतल्या ट्रॅक्टरचा पंप काढून बसवला.

"डॉक्टरसाब, इंजनला सिलिंडर चार, पंपाला नळ्या चार. लगीन जुळलं!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "गोत्र बघितलंस का?"

*

ते बघितलंच नव्हतं! पहिल्याच दिवशी डॉक्टर गाडी घेऊन घरी गेले. दारात थांबवली, चावी काढली, खिशात टाकली आणि आत जाऊन जेवायला बसले.

गाडी बाहेर चालूच!

डॉक्टर उठून आले. चावी लावली, फिरवली, पुन्हा काढली. गाडी आपली थरथर करत उभी. शेजारीपाजारी जमले. डॉक्टर तसेच खरकट्या हातानं गाडीत बसले आणि थेट गॅरेजला आले.

मिस्त्री हसू दाबत म्हणाला, "डिझेलला चावी कळत न्हाई, साब. पंपावरची ही दांडी दाबायची, मग बंद." टॅक्सीच्या पंपाला दांडी ओढायची तार होती, ती ह्या पंपाला बसत नव्हती. म्हणजे गाडी बंद करायची तर दर वेळी उतरून बॉनेट उघडायचं!

तेव्हापासून डॉक्टर कुठंही गेले की आधी बॉनेट उघडायचे. लोकांना वाटायचं, गाडी बिघडली. चार माणसं मदतीला धावायची. डॉक्टर म्हणायचे, "बिघडली न्हाई हो. हिला झोपवायलोय!"

*

ट्रॅक्टरच्या पंपाला आणखी एक खोड. तो इंजिनाला एका मर्यादेच्या वर फिरूच देत नाही. शेतात नांगर ओढायला ते ठीक, पण रस्त्यावर डॉक्टरांची मोटार तिसाच्या वर जाईना. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी तीस म्हणजे तीस! आणि खडखडाट मात्र गावभर.

डॉक्टरांनी एकदा स्टेथोस्कोप आणून इंजिनाला लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "हिला पोटफुगी झालीय."

मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, "मग काडेचिराईत पाजा!"

त्याच आठवड्यात डॉक्टर वहिनींना घेऊन जिंतूरला लग्नाला निघाले. परत आल्यावर वहिनी थेट गॅरेजात आल्या. मिस्त्री गाडीखाली झोपलेला. वहिनी त्याच्या पायांशीच बोलल्या.

"रज्जाकभाऊ, आमी निघालो तवा जिंतूरची एस.टी. आमच्या मागं होती. बोरीच्या अलीकडं ती पुढं गेली. ती जिंतूरला जाऊन, चहापाणी करून परत आली, तरी आमी जायलोतच! कंडक्टर खिडकीतून हात करायला लागला, ओळखीचा असल्यासारखा!"

गाडीखालून आवाज आला, "भाभी, लग्न तर लागलं ना?"

"लागलं. आमी गेलो तवा पंगती उठायल्या होत्या!"

*

त्या काळात विद्यापीठाच्या नामांतरावरून वरचेवर बंद व्हायचे. सगळ्यांचेच जीव टांगणीला लागलेले, हसायचं कुणाला सुचत नव्हतं. अशाच एका बंदच्या दिवशी पाथरी रोडला एक बैल आजारी पडला, म्हणून डॉक्टर निघाले. नाक्यावर हवालदारानं अडवलं. बाहेरगावचा, नवा माणूस.

"गाडी बंद करा."

"बंद होत न्हाई," डॉक्टर म्हणाले.

हवालदाराचा चेहरा लाल. "आज बंद हाय, ठाऊक न्हाई का?"

"ठाऊक हाय ना. पण ही बंदच होत न्हाई!"

हवालदारानं काठी सावरली. डॉक्टर घाईनं उतरले आणि सवयीनं बॉनेट उघडून आत हात घातला. हवालदार दोन पावलं मागं सरला, न जाणो काय बाहेर काढतो! तेवढ्यात इंजिन फुस्स करून थांबलं आणि नाक्यावर एकदम शांतता झाली.

हवालदार हळूच पुढं आला, आत डोकावला. "ह्यो पंप तर ट्रॅक्टरचा दिसतोय."

"तुमाला कसं कळलं?"

"घरी ट्रॅक्टर हाय." मग काठी काखेत मारून म्हणाला, "जावा डॉक्टर. तुमाला आदीच लय शिक्षा झालीय."

*

पण त्या पंपाला आम्ही नावं ठेवायची बंद केली ती पालमकडच्या एका गावामुळं. मी स्वतः सोबत होतो, नवी बॅटरी नीट चार्ज होते का ते बघायला. पावसाचे दिवस, दुपारची वेळ. गावाच्या अलीकडं काळ्या मातीचा रस्ता म्हणजे नुसतं लोणी. त्यात सरकारी दवाखान्याची नवी जीप बुडालेली आणि शेजारी तरुण डॉक्टर गुडघाभर चिखलात उभे.

"सर, गाय सकाळपासून अडलीय. वासरू आडवं आलंय. मला एकट्याला जमणार न्हाई, म्हणूनच तुम्हाला निरोप धाडला. पण आता जायचं कसं?"

"बसा," कदम डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही काढून घेतला. मोटार उंच, बारीक चाकांवर गुरगुरत निघाली. चिखल वाढला की इंजिन जरा कण्हायचं, पंप आपणहून डिझेल वाढवायचा, गाडी पुढं. ना घाई, ना थांबणं. मी दार घट्ट धरून बसलो होतो. पलीकडं निघालो तेव्हा कळलं, माझ्या दुसऱ्या हातात तरुण डॉक्टरांचं मनगट होतं.

गाय सखूबाईची. एकटीचा संसार, दारात तेवढी एकच गाय. दोन्ही डॉक्टर खांद्यापर्यंत हात भरून दीड तास झुंजले. सखूबाई गाईचं तोंड मांडीवर घेऊन बसलेली. मग कालवड बाहेर आली आणि शिंकली! तेव्हा कुठं सखूबाईला रडू फुटलं.

आम्हाला वाटेला लावताना तिनं मोटारीला सगळीकडून न्याहाळलं. "डॉक्टर, हिला गाडी म्हणावं का औत?"

"बाई," कदम डॉक्टर हात पुसत म्हणाले, "तिला सवतालाच अजून कळंना."

*

तीन वर्षांनी मिस्त्रीला हैदराबादच्या भंगारबाजारात अखेर जुळणारा पंप सापडला. तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन रेल्वेनं आणला. बसवला, आणि मोटार अशी चालायला लागली की जवळून गेली तरी कळू नये. तार काय, दांडी काय, सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी गॅरेजभर पेढे वाटले.

आठ दिवसांनी डॉक्टर आले ते लंगडत. गाडी लांब उभी करून एकेक पाऊल टाकत आले आणि माझ्या स्टुलावर हळूच टेकले.

मिस्त्री घाबरला. "पंप बिगडला का, साब?"

"पंप झकास हाय."

"मग?"

डॉक्टर गुडघा चोळू लागले. "आजवर मी शिवेवर असतानाच गावाला खडखडाट ऐकू जायचा. लोक म्हणायचे, डॉक्टर आला, जनावर बांधा. मी पोचेस्तोवर म्हैस खुंट्याला, चौघं धरून तयार."

"बरं, मग?"

"काल गेलो. कुणाला पत्ताच न्हाई. उतरलो अन् सरळ जाऊन म्हशीच्या मागं उभा राहिलो."

मिस्त्रीनं पान्हा खाली ठेवला.

डॉक्टरांनी पाय थोडा लांब केला, कण्हले आणि म्हणाले, "रज्जाक, तो जुना पंप भंगारात दिलास का रे?"