सुभद्रेला विचारायचं राहिलं होतं

सावंतवाडीकडच्या शाळामास्तरांची मुलगी इमेल्डा मालवणजवळच्या देवबागला आली, ती महारोगाच्या कामाचं शिक्षण पुरं करायला. साल एकसष्ट. वर्गातलं शिकून झालं होतं. आता सहा महिने गावात राहून घरोघर माणसं तपासायची होती. गावातल्या कृष्णाबाईंनी तिला आपल्या ओसरीलगतची खोली दिली. जेवणही त्यांच्याकडेच. त्यांचा मुलगा सहदेव होडीवर जायचा, आणि मे महिन्यात त्याचं लग्न होतं, मासे विकणाऱ्या हौसाबाईंच्या सुभद्रेशी.

हौसाबाईंच्या घरी तपासणीची पाळी आली, तेव्हा सुभद्रेच्या दंडावर इमेल्डाला एक फिकट चट्टा दिसला. तिने सुभद्रेला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक दंडावर फिरवत विचारलं, "आता खंय लागता, बोट दाखव." सुभद्रेचं बोट चट्ट्याच्या कडेपर्यंत बरोबर यायचं. चट्ट्याच्या आत कापूस टेकला की ती नुसती वाट बघत राहायची.

हौसाबाई दारातून सगळं पाहत होत्या. त्यांनी पुढे होऊन इमेल्डाचा हात धरला. "बाय, ह्या कोणाक सांगू नको. चेडवाचा लगीन ठरलेला आसा."

त्यांची भीती खोटी नव्हती. हा रोग झालेला एक म्हातारा वाळूच्या टोकाला एकटा झोपडीत राहत होता. घरची माणसं लांबूनच ताट ठेवून मागे फिरायची.

त्या दिवशी कृष्णाबाईंनी इमेल्डाला भात वाढला. समोर सहदेव जेवत होता. सरळ, कमी बोलणारा मुलगा. याच्यापासून आपण लपवतोय, असं तिला वाटलं. आणि सांगावं, तर ज्या मुलीने विश्वासाने दंड पुढे केला, तिचं काय?

ती मालवणला जाऊन शिकवणाऱ्या डॉक्टरांना भेटली. त्यांनी लक्षणं नीट विचारून घेतली. "एकच चट्टा, बधिर. हा प्रकार दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या सुरू करा. आणि रोग्याची गोष्ट रोग्याची असते, आपली नव्हे."

"पण मुलाच्या घरच्यांनी मला सरळ विचारलं तर?"

"खोटं बोलू नका. सांगूही नका."

डॉक्टर मालवणात राहून हे म्हणू शकत होते. इमेल्डाला त्या घरात जेवायचं होतं.

कृष्णाबाईंनी विचारलंच. माशाचं कालवण ढवळता ढवळता, सहज विचारल्यासारखं. "तू सगळ्यांच्या घरात जातस. हौसाच्या घरात सगळा बरा आसा मा?"

"काकी, एका घरातला दुसऱ्या घरात नेऊचा नाय, असा आमका शिकवलेला आसा. तुमच्या घरातला पण मी खंय सांगणंय नाय."

कृष्णाबाईंचा ढवळणारा हात थांबला. न सांगताच आपण अर्धं सांगून बसलो, हे इमेल्डाला कळलं. आता गप्प राहूनही भागणार नव्हतं.

त्या बेचैनीत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपण हौसाबाईंशी बोललो, डॉक्टरांशी बोललो. जिच्या दंडावर चट्टा, तिला काय हवंय ते कुणी विचारलंच नाही. सुभद्रा खाडीकाठी मासे सुकत घालत होती, तिथे जाऊन तिने विचारलं, "सुभद्रा, तुका काय वाटता?"

सुभद्रेने हातातले मासे खाली ठेवले. मग म्हणाली, "माका कोणी विचारूकच नाय. लपवन लगीन केलंय, तर जन्मभर हात झाकून जगूचा लागतला. तेका मीच सांगतलंय. तू माझ्या वांगडा ये."

सहदेव होडीपाशी जाळं सांधत बसला होता. सुभद्रेने त्याला बाही वर करून चट्टा दाखवला आणि रोगाचं नाव स्वतः घेतलं. त्याने इमेल्डाकडे पाहिलं. "बरा होतला?"

"औषध चुकवला नाय, तर दोन-तीन वर्सांत."

"दुसऱ्याक लागता?"

"ह्या तऱ्हेचा लागणा नाय."

"माका जरा वेळ व्हयो," एवढंच तो म्हणाला.

घरी त्याने आईला सांगितलं. कृष्णाबाईंनी इमेल्डाची ट्रंक ओसरीवर आणून ठेवली. "माझ्या हातचा जेवलंस आणि माझ्यापासनाच लपवलंस?" इमेल्डाने ट्रंक उचलली. राहिलेले दिवस तिने शाळेच्या पडवीत काढले. आठवड्याला सुभद्रेकडे गोळ्या घेऊन जाताना ती आळीतल्या प्रत्येक घरात थांबायची, कुणाची खरूज बघ, कुणाचं गळू बघ. म्हणजे एकाच दाराकडे बोट नको.

मे महिन्यातलं लग्न झालं नाही. सहदेव सुभद्रेसाठी थांबला. आईने दुसऱ्या मुली सुचवल्या की तो होडीवर निघून जायचा. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि त्याच हिवाळ्यात लग्न लागलं.

इमेल्डा तेव्हा कुडाळकडे नोकरीला होती. ती लग्नाला आली. कृष्णाबाईंनी पान वाढलं आणि तिच्याकडे न बघता त्या पुढच्या पानाकडे वळल्या. पंगत उठल्यावर हौसाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"तो नाय म्हणालो असतो, तर माझ्या चेडवाचा काय झाला असता?"

हा प्रश्न इमेल्डाने स्वतःला कितीदा विचारला होता. सुभद्रा अंगणात नवऱ्याशेजारी उभी राहून कुणाशी तरी हसून बोलत होती.

"माका म्हायत नाय, मावशी," ती म्हणाली.

हौसाबाईंनी मान डोलावली आणि त्या तिच्याजवळच बसून राहिल्या.