आठ नसलेला आकडा

आत्ता धरणगावला मित्राच्या शेतात भरीत पार्टी चालू आहे. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटायला लागली ना, तो वास आला आणि मी थेट आमच्या मळ्यात पोहोचलो!

मी पाचवीत होतो. माझी चुलत बहीण, अक्का, बी.एस्सी.ला होती, गणित घेऊन. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार म्हणून तिच्या वडिलांनी, आबांनी, मळ्यातच भरीत ठेवलेलं. तिकडे मोठी माणसं बोलत होती आणि इकडे अक्का जळक्या काडीने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर लिहीत होती: १२३४५६७९.

"अक्का, आठ राहिला ना!" मी ओरडलो.

"राहू दे. बहात्तरने गुण."

मी घाम गाळून गुणलं. उत्तर आलं ८८८८८८८८८! जो आकडा नव्हता, तोच सगळीकडे! मी नाचायलाच लागलो.

"एम.एस्सी.ला याहून भारी असतं म्हणे," अक्का हसून म्हणाली.

तेवढ्यात आबांची हाक आली, "पोरी, हात धुई ले. त्यास्ले पसंत शे तू."

तिने हात धुतले. काळं पटकन निघून गेलं. मला तेव्हा एवढंच वाटलं, चला, लग्नात मजा येणार.

आज राहवलं नाही. सुरतला अक्काला व्हॉट्सॲप केलं, नुसता आकडा: १२३४५६७९. तिने लगेच बघितला. उत्तर आलं,

"भाऊ, कोना मोबाईल नंबर शे हाऊ? दोन आकडा राही ग्यात."