नाकाने फोन चालवणारी

बाळांनो, काल आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला एक बाई आली होती. ओढणी कमरेला खोचलेली, आणि बोटे ओली म्हणून फोन चक्क नाकाच्या शेंड्याने चालवायची! परभणीत तिने हे काम नुकतेच सुरू केले आहे आणि गिऱ्हाईक मिळते ते व्हिडिओ टाकूनच. "पन आधी घाण टाकी, मग साफ टाकी, किती दिवस तेच दाखवू? कोनी बघंना आजी, काम बी येईना."

मी सहज विचारले, "तुरटी टाकली तर टाकी धुवावी लागत नाही ना गं?"

ती टाकीत ताडकन उभी राहिली. "लोक रोज हेच इचारायलेत, अन् मी येडी नुस्तं तोंडी सांगायले! ह्योच व्हिडिओ हाय की! परत इचारा आजी, जोरात!"

तिने फोन टाकीच्या काठावर टेकवून नाकाने रेकॉर्डिंग सुरू केले आणि मी जोरात विचारले. "गाळ खाली बसतो, भाईर निघत न्हाई," ती फोनकडे बघून ठसक्यात म्हणाली.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारणीची सून ओरडली, "मग आमच्या टाकीत अळ्या कशा होतात?"

"थांबा, तुमच्याच टाकीत उतरून सांगते!" तिने बादली उचलली आणि फोन माझ्या हातात दिला. "चला आजी, शूटिंग तुमी करा."

मी पदर खोचला आणि निघाले.