खालाच्या तोंडची दुसरी बाई

शुक्रवार उजाडला की मला घरात बसवत नाही. बारामतीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. एरवी ते मी उघडतो, पण शुक्रवारी धाकटा भाऊ उघडतो आणि मी नव्या पिक्चरच्या पहिल्या खेळाला जातो. बाहेर आलो की थिएटरच्या पार्किंगमध्येच उभा राहून मोबाईलपुढं पिक्चरबद्दल बोलतो, व्हिडिओ टाकतो आणि तसाच जुम्म्याच्या नमाजेला पळतो. पिक्चर लांबला तर नमाज हुकते आणि मग अब्बा जेवताना माझ्याशी बोलत नाहीत.

हे खूळ कधी लागलं ते आता सांगता येणार नाही. गंमत म्हणून एकदा बोललो, ते फिरलं, मग लोक दर शुक्रवारी वाट बघायला लागले. मी तारे-बिरे देत नाही. माझे निकाल तीनच: ‘जावा’, ‘मोबाईलवर आला की बघा’ आणि ‘दुपारची झोप काढा’. सोमेश्वरनगरला ऊस घेऊन गेलेले ट्रॅक्टरवाले कारखान्याच्या रांगेत बसून माझे व्हिडिओ बघतात. बावड्याहून डोळे तपासायला आलेले एक तात्या तर काचेचा नंबर राहिला बाजूला, आधी विचारतात, “ह्या शुक्रवारी काय? झोपायचं का जायाचं?”

लोक हसतात, पण मला आतून चैन नसतं. कुणीतरी दोन-तीन वर्षं राबून काहीतरी केलेलं असतं आणि मी शेवटच्या पाट्या पडद्यावर असतानाच निकाल ठरवून मोकळा होतो. पिक्चर बघतानाही माझं अर्धं लक्ष पुढं काय बोलायचं याच्याकडं असतं. बायको म्हणते, “तुम्ही पिक्चर बघत न्हाई, पेपर तपासता.”

माझी खाला, म्हणजे आईची धाकटी बहीण, भिगवणला हायवेच्या कडेला छोटी खानावळ चालवते. उजनी धरणातली चिलापी मासळी तिच्याइतकी कुरकुरीत कुणी तळत नाही, असं माझं मत आहे आणि त्यात भाचेपण थोडंच आहे. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिथं पुण्याचं एक शूटिंग आलं होतं. धरणात गाव गेलेल्या माणसांची गोष्ट होती. दिग्दर्शक पोरगेलाच, तिशीतला. तो जेवायला खालाकडं यायचा. तव्यापुढं उभी राहून गिऱ्हाइकांशी बोलणारी खाला त्याला एवढी आवडली, की त्यानं तिला पिक्चरमध्येच घेतलं.

त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. पाण्याच्या काठाला खुर्ची टाकून खालाला बसवलं होतं. शहरातून आलेली नायिका तिला जुन्या गावाबद्दल विचारते, असा प्रसंग होता.

दिग्दर्शक म्हणाला, “आजी, पाठ काही करायचं नाही. तुम्हाला आठवतंय ते सांगा.”

खालाचं खरंच गाव गेलेलं. ती तेव्हा लहान होती. तिनं सांगायला सुरुवात केली. सामान बैलगाडीत भरलं, माणसं चढली आणि ऐनवेळी एक कोंबडी छपरावर जाऊन बसली. खालाचे वडील खाली उभे राहून तिला हाका मारतायत, शिव्या देतायत, गाडीवान खोळंबलाय. “शेवटी अम्मा म्हनली, ऱ्हाऊ द्या तिला. तिलाच धरनाचा पैसा मिळायचा आसंल.” असं म्हणून खाला स्वतःच खो खो हसली. कॅमेऱ्यामागची पोरंही हसली. दिग्दर्शकानं टाळी वाजवली. पुढचे कितीतरी दिवस खाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “पिच्चरमधी मी कोंबडीचं सांगितलंय.”

पिक्चर लागला त्या शुक्रवारी ती सकाळच्या एसटीनं बारामतीला आली. ईदला घेतलेली हिरवी साडी, डोक्यावर पदर. मी, बायको आणि मधे खाला, असे बसलो.

आणि पिक्चर चांगला होता. हे मी आधी सांगितलं पाहिजे. पहाटेचं पाणी, होड्या, हायवेवरचे ट्रक, सगळं आमचंच होतं आणि तरीही मी ते असं कधी बघितलं नव्हतं. नायिका कमी बोलायची. गाणी कुठंही घुसवलेली नव्हती. मध्यंतराला मी बायकोला म्हणालो, “जावा. डोळे झाकून जावा.” इतक्या लवकर आणि इतक्या आनंदानं मी बऱ्याच दिवसांत निकाल दिला नव्हता.

मध्यंतरानंतर खाला आली. आधी लांबून, पाण्याकडं तोंड करून बसलेली. मग तिचा चेहरा अख्ख्या पडद्यावर. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलेलं. आणि त्या चेहऱ्यामागून आवाज आला, कापरा, रडवेला, प्रत्येक शब्द ओढून धरलेला: “ह्या पान्यात नुसतं गाव न्हाय गं पोरी, आमचं काळीज बुडालंय गं पोरी...”

तो आवाज खालाचा नव्हता. शब्द तर नव्हतेच. ती हसली तो तुकडा नव्हता, बोलताना जवळून दाखवलंही नव्हतं. ती गप्प असतानाचे तुकडे जोडून त्यावर दुसऱ्या कुणा बाईला बोलायला लावलं होतं.

मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. माझ्या बायकोनंही डोळ्यांना पदर लावला, मग एकदम लक्षात येऊन तो खाली केला.

खाला माझ्या कानाशी आली. “ही कोन बोलतीया रं?”

मी म्हणालो, “बघू पुढं.”

पुढं ती नव्हतीच.

बाहेर आलो तर लोकांनी तिला ओळखलं. पोरी फोटो काढायला आल्या. एका बाईनं तिचे हात हातात घेऊन म्हटलं, “आजी, लय रडवलंत हो तुमी.” खाला हसून मान डोलावत होती, पदर सारखा नीट करत होती. बायकोनं मोबाईल धरला. “चालू करू?”

मी बोलायला लागलो आणि थांबलो. परत लागलो, परत थांबलो. ‘जावा’ म्हणायला तोंड उघडावं तर खाला समोर फोटो काढून घेत उभी. ‘झोप काढा’ म्हणावं तर ते धडधडीत खोटं. नमाजेला गेलो, पण मन जागेवर नव्हतं. दुकानात येऊन बसलो, उठलो, कोपऱ्यावर चहा प्यायलो, परत बसलो. मोबाईलवर सारखे निरोप येत होते, “दादा, आज निकाल न्हाय का?”

मग दिग्दर्शकाचाच फोन आला. शूटिंगच्या वेळी त्यानं माझा नंबर घेतला होता.

“दादा, रिव्ह्यू आला नाही अजून. आवडला नाही का?”

“आवडला,” मी म्हणालो. “पण खालाचा आवाज कुठं गेला?”

तो म्हणाला, “त्या दिवशी वारा फार होता. आवाज वापरण्यासारखा नव्हता.”

“मग तिला बोलवायचं. पुण्याला काय, ती मुंबईलाही आली असती.”

“खरं सांगू का, दादा? कोंबडीवर लोक हसले असते. तिथं हसून चालणार नव्हतं. पुढचा सगळा पिक्चर पडला असता.” मग हळूच म्हणाला, “तुम्ही बघितलंत ना, लोक रडत होते.”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. राग आला होता, पण त्यातला अर्धा राग असा होता, की त्याचं म्हणणं मला कळत होतं. त्याच्या जागी मी असतो तर कोंबडी ठेवली असती का? ठेवली असती असं वाटतं. पण मी पिक्चर केलेला नाही, फक्त बघितलेले आहेत.

घरी गेलो. खाला निघायच्या तयारीत होती, चहा संपवत होती. मी तिच्यासमोर बसलो.

“खाला, काय म्हणू मी?”

“कशाचं?”

“पिक्चरचं. लोक विचारतायत.”

तिनं कप खाली ठेवला. “पिच्चर चांगला हाय की. ती पोरगी किती चांगलं काम करती. चांगलाच हाय म्हन.” मग थांबून म्हणाली, “पन ती मी न्हाय, हेबी म्हन. मी कवा आसं रडलीय? गावातली मानसं म्हनतील, हिला पैकं दिलं तशी रडली.”

मी तिथंच, घरातल्या पलंगावर बसून व्हिडिओ केला. बायकोनं मोबाईल धरला. आधी पिक्चरबद्दल जे खरं वाटलं ते सगळं चांगलं बोललो आणि जावा म्हणालो. मग म्हणालो, की काठावर बसलेली आजी माझी खाला आहे, चेहरा तिचा आहे, आवाज तिचा नाही आणि ती जे बोलली ते ह्याच्यात नाही. जे बोलली तेही सांगितलं. माझ्याच्यानं ते तिच्यासारखं सांगता आलं नाही.

बरेच लोक चिडले. आपल्या भागातला पिक्चर, कौतुक करायचं सोडून नावं कशाला ठेवता, असं इंदापूरच्या एकानं लिहिलं आणि त्याला खूप जणांनी दुजोरा दिला. काहींना वाटलं, खालाला पैसे कमी मिळाले म्हणून मी बोलतोय. दिग्दर्शकानं पुन्हा फोन केला नाही. पिक्चर चालला, चांगला चालला.

काही आठवड्यांनी भिगवणला गेलो. खानावळीत गर्दी होती, बाहेर पुण्याच्या गाड्या उभ्या होत्या. मी कोपऱ्यात बसलो. एका टेबलावरचा तरुण खालाला म्हणाला, “आजी, ते पिक्चरमधलं म्हणा ना.”

“आरं, मी ते बोललेच न्हाय,” खाला म्हणाली आणि झाऱ्यानं मासा उलटत तिनं कोंबडीची गोष्ट सांगितली. पोरं ऐकत होती, पण त्यांचे चेहरे उतरले. एकानं मोबाईल वर धरला होता, तो खाली घेतला.

खालानं त्यांच्याकडं बघितलं. मग झारा ठेवला, हात पदराला पुसले, मान जराशी वाकडी केली आणि त्या कापऱ्या आवाजात, तोच हेल काढून म्हणाली, “ह्या पान्यात नुसतं गाव न्हाय गं पोरी...”

मोबाईल पटकन वर आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाला लाजून हसली आणि पुन्हा तव्याकडं वळली.

माझ्यापुढं ताट ठेवताना तिनं विचारलं, “कसं झालं?”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच माझं मत हवं होतं.

“त्या बाईपेक्षा चांगलं,” मी म्हणालो.

“व्हय ना?” ती खूष झाली. “घरात कुनी नसलं की म्हनून बघती मी.”

मासा गरम होता, मी बोटं पोळून घेत खाल्ला. परत येताना गाडी दोनदा विनाकारण थांबवली. तिचं भलं झालं की वाईट, हे मला ठरवता येईना. आणि तिनं मला ते ठरवायला सांगितलंही नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी नवा पिक्चर होता, मारामारीचा. एका प्रसंगात नायकाच्या गाडीमागून एक म्हातारा सायकल ढकलत गेला, काहीतरी पुटपुटत. मी त्याच्या ओठांकडं बघत राहिलो. तो गेल्यावरही त्याचाच विचार करत बसलो आणि पुढं कोण कुणाला का मारत होतं ते मला समजलंच नाही. पार्किंगमध्ये बायकोनं फोनवर विचारलं, “काय मग, निकाल?”

“आज नाही,” मी म्हणालो. “परत बघावा लागेल.”