वारंटीसाठी उचललेला भंडारा

बोरीच्या पंचक्रोशीत मेंढरावरून भांडण लागलं, की लोक पोलिसांकडे जायच्या आधी धोंडीबाकडे यायचे. एकाची मेंढी दुसऱ्याच्या कळपात मिसळलेली असायची आणि दोघंही छातीठोकपणे म्हणायचे, माझी. धोंडीबा मेंढीचा कान चिमटीत धरून त्यावरची कापलेली खूण बघायचा, अगदीच अडलं तर कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढून तळहातावर घ्यायचा आणि सांगायचा, ही अमक्याची. विषय संपला. पन्नास वर्षांत असा भंडारा त्याने सात-आठ वेळाच उचलला असेल. दिसायला ती हळदीची पूड, पण ती उचलून बोलायला छाती लागते. आणि असल्या माणसाने शेवटचा भंडारा कुठे उचलावा? परभणीच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये, क्लच प्लेटसाठी!

त्याची मेंढरं विकली त्याला आता चार वर्षं झाली. एकुलता एक मुलगा शिवशंकर बारावी शिकलेला. मेंढरामागे फिरायची त्याला लाज वाटायची. त्यात त्याची फार चूक होती असं नाही. आज या शेतात पाल ठोकायचं, उद्या त्या शेतात, आणि खतासाठी मेंढरं बसवून घेणाऱ्या मालकाची वर बोलणीही खायची, यात मिरवण्यासारखं काय आहे? पण शिवशंकरला मेंढरांच्या बदल्यात दुकान नको होतं, जमीन नको होती. त्याला सात सीटांची पांढरीशुभ्र एसयूव्ही पाहिजे होती. अशी गाडी दारात उभी असली की कालचा शिव्या आज ‘शिवाभाऊ’ होतो, हे त्याने चार ठिकाणी पाहिलं होतं. धोंडीबा काही केल्या बधेना, तेव्हा पोराने आईला गाठलं.

“माय, तुपले गुडघे गेलेत. आता किती चालशील? गाडी आली की दरसाल माघात दुधनेला नेतो तुला. म्होरच्या सीटावर बसवून.”

दुधनेचं नाव काढलं आणि केवळाबाई पाघळली.

दुधना नदीच्या काठावर तिची पहिली लेक पुरलेली होती. छत्तीस वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन त्या बाजूला गेले असताना पोरीला ताप आला. नऊ दिवसांची होती, बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नावही नव्हतं. काठावरच्या एका बाभळीखाली तिला ठेवलं, वर चपटा दगड बसवला आणि दुसऱ्या दिवशी निघाले, कारण मेंढरं कुणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत, त्यांना चारा लागतो. पण त्यानंतर दर माघातल्या पहिल्या रविवारी धोंडीबा कितीही लांब असला तरी कळप दुधनेकडे वळवायचा. केवळाबाई एक मेंढी पिळायची आणि ते दूध दगडावर ओतायची. शिवशंकर लहानपणी त्याच बाभळीखाली खेळलेला.

तर मेंढरं गेली आणि गाडी आली. तिची पूजा झाली, पेढे वाटले, मागच्या काचेवर रेडियमच्या मोठ्या अक्षरांत ‘आई-वडिलांची कृपा’ आली. आई-वडील त्या काचेवर बसले ते तिथेच राहिले, आतल्या सीटवर काही त्यांचा नंबर लागेना. पहिल्या माघात शिवशंकर म्हणाला, “नवी गाडी वाळूत घालू का, माय? खालून घासंल ना.” दुसऱ्या माघात गाडीत कुणाचा तरी नवरदेव बसला होता. तिसऱ्या माघात पुढाऱ्याची सभा होती. केवळाबाई दरवर्षी दूध तापवून ठेवायची आणि संध्याकाळी ते शेजारच्या पोरांना पाजून टाकायची.

गाडीला धोंडीबाने हातही लावायचा नाही, असा नियम होता. मेंढरू दिसलं की त्याची पाठ दाबून बघायची, खुरं उलटून बघायची, ही त्या हातांची जन्माची सवय. गाडी आली तेव्हाही त्याने एकदा बादली भरून घेतली होती. “राहू द्या दादा, रंग जातो तुमच्या चिंधीनं,” असं म्हणून शिवशंकरने बादली ओतून दिली. गाडी रोज धुणाऱ्याकडून चकाचक होऊनच घरी यायची. भाडं कसलं होतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, “पेशंट होता.” म्हातारा चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, “पोरगं लोकांचे जीव वाचवायलंय.” त्याला कोण बोलणार? ज्यांना माहीत होतं ते तंबाखू मळत दुसरीकडे बघायचे.

यंदा संक्रांतीच्या सुमारास गाडीला करपल्यासारखा वास यायला लागला. इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. शोरूमवाल्यांनी दोनदा ठेवून घेतली आणि दोनदा ‘गाडी ओके’ असा कागद देऊन, अत्तर मारून परत केली. तिसऱ्यांदा ती जिंतूर रोडवरच बसली आणि ओढून परभणीला न्यावी लागली. माघातला रविवार आठ दिवसांवर आला होता. केवळाबाईने नवऱ्याला एवढंच सांगितलं, “अवो, यंदा न्हाई नेलं तर मी रांगत जाईन.” म्हणून धोंडीबाही मुलासोबत परभणीला गेला.

शोरूमच्या काचेच्या दारातून धोंडीबा घोंगडी खांद्यावर टाकून आत गेला आणि सोफ्यावर टेकला. दोन मिनिटांत रखवालदाराने त्याला उठवून बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. घोंगडीचा वास येतो म्हणे. ज्याच्या मेंढरांवर यांची गाडी विकली गेली, त्याला बसायला जागा नाही! शेवटी मागच्या वर्कशॉपातून सिद्धोधन नावाचा मेकॅनिक ऑइलने माखलेले हात पुसत आला आणि म्हणाला, “बाबा, या आत. तुमच्या डोळ्यांनीच बगा.”

गाडी लिफ्टवर अधांतरी होती. सिद्धोधनने क्लचवरचं झाकण उघडून त्यावर पान्याची मूठ ठोकली. भुरभुर करत वाळू खाली आली. ती त्याने हातात झेलली आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली.

“ही बगा. गाडी नदीत चालवायलेत, बाबा. एकदा-दोनदा न्हाई, लय दिवसांपासून. क्लच जळनार न्हाई तर काय?”

धोंडीबाचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, दोनदा नुसती धुऊन परत दिली, आता स्वतःचा नाकर्तेपणा आपल्या पोराच्या गळ्यात घालायलेत. “आमचं गाव काळ्या रानातलं. तिथं कुठली आली वाळू? तुमच्याच अंगनातली आसंल!” असं म्हणून त्याने ती मूठ वर्कशॉपच्या फरशीवर भिरकावली आणि धोतराला हात पुसले.

आवाज ऐकून मॅनेजर भगवानराव बाहेर आले. ते सेलूकडचे, शेतकऱ्याघरचे. त्यांनी शांतपणे सांगितलं की वारंटी वाढवून घेतलेली असली, तरी वाळूत ताणलेल्या गाडीला ती लागू होत नाही. कंपनीला विचारून बघतो, पण उत्तर यायला पंधरा-वीस दिवस जातील. तोवर गाडी इथेच राहील.

पंधरा दिवसांत माघातला तो रविवार कुठल्या कुठे जाणार होता. धोंडीबाने मुलाकडे पाहिलं. शिवशंकर खांबाला टेकून मोबाईल बघत होता. म्हाताऱ्याने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि भरल्या वर्कशॉपात बोलला, “बिरोबाची आन घेऊन सांगतो, ही गाडी कवाच वाळूत गेली न्हाई. खोटं आसंल तर मपल्या लेकरावर पडंल.”

हत्यारांचा खणखणाट थांबला. सिद्धोधनने शिवशंकरकडे रोखून पाहिलं. शिवशंकरने मान वर केली नाही. त्याला एका शब्दात बापाचा हात खाली आणता आला असता, पण तेवढा एक शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही. भगवानरावांच्या शेतात लहानपणी मेंढरं बसायची, या हळदीचं वजन त्यांना माहीत होतं. “म्हाताऱ्या माणसानं भंडारा उचललाय. बसवा वारंटीत,” असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली आणि शनिवारी गाडी नव्या क्लचसह घरी आली.

रविवारी केवळाबाई पुढच्या सीटवर बसली. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि मांडीवर शेजारच्या कळपातून पिळून आणलेल्या मेंढीच्या दुधाची झाकणाची लोटी. देवगाव फाट्यावर थांबून धोंडीबाने नारळ घेतला. सेलू मागे पडल्यावर शिवशंकरची चुळबुळ सुरू झाली. “माय, पुलावरूनच हात जोड की. खाली लय खराब हाय.”

“पुलाखाली न्हाई पुरली रे तिला,” केवळाबाई म्हणाली.

नदीच्या पात्राच्या तोंडाशी शिवशंकरने गाडी थांबवली, खाली उतरून एक काडी उचलली आणि चारही चाकांची हवा थोडी थोडी सोडली. “हवा कमी आसली की चाक वाळूवर पसरतं, रुतत न्हाई,” त्याने विचारल्याशिवायच सांगितलं. पोराला किती कळतं, असं वाटून मागे बसलेला धोंडीबा सुखावला. गाडी वाळूत शिरली. शिवशंकरने कुठे ब्रेक मारला नाही, कुठे गिअर बदलला नाही, स्टिअरिंग सैल धरून गाडी एका वेगात तरंगती ठेवली. पुढे खडक होता आणि त्याच्या डावीकडून वळायचं होतं. ते सांगायला धोंडीबाने तोंड उघडलं, तोवर गाडी वळलीही होती. म्हातारा तोंड उघडंच ठेवून बसला. पायवाट चार वर्षांपूर्वीची, गाडी वाळूत कधीच न आलेली, मग हे वळण तिला दाखवलं कुणी?

काठाला एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर बन्सीधर टपावरून हात हलवत ओरडला, “काय शिवाभाऊ, आज दिवसाढवळ्याच?”

पुढे बाभळीचा तो काठ उरला नव्हता. घर बुडेल एवढा खड्डा होता, तळाशी हिरवं पाणी साचलेलं, आणि त्यात बाभळ मुळं वर करून आडवी पडली होती. दगड कुठेच दिसत नव्हता. केवळाबाई दाराला धरून कशीबशी उतरली आणि लोटी हातात घेऊन इकडे तिकडे बघत राहिली, जशी काही जागाच चुकली असावी.

“मी खोदत न्हाई, दादा,” शिवशंकर घाईघाईने सांगायला लागला. “मी फकस्त गाडी घेऊन ट्रकच्या म्होरं ऱ्हातो. तहसीलची गाडी दिसली की फोन करतो, बस. बाभळीपाशी हात लावू नका म्हनलो होतो मी त्यांना. एका रात्री मी न्हवतो, तवा...”

तीन वर्षं नव्या गाडीला वाळू लागेल म्हणून आईला घरी बसवणारा हा मुलगा रोज रात्री याच वाळूत होता. धोंडीबाला हे समजायला वेळ लागला नाही. केवळाबाईने विचारलं, “हितली वाळू कुटं गेली रे?”

“बांधकामाला. परभनीला, जिंतूरला.”

“मग मपली लेक कुनाच्या भिंतीत घातली, तेवढं सांग. तितं दूध वतून येते.”

शिवशंकर रडायला लागला. त्याची कुणी समजूत काढली नाही.

परतताना केवळाबाई पुढच्या सीटवर बसली नाही. मागे नवऱ्याशेजारी बसली, मांडीवर ती भरलेली लोटी घेऊन. धोंडीबा उजव्या हाताचा तळवा उघडून बघत होता. याच हातावर सिद्धोधनने वाळू ठेवली होती. ती बाभळीखालच्या काठाची होती की दुसऱ्या कुठल्या, कोण जाणे. पण आपण ती फेकली, वर हात पुसले आणि त्याच हातावर भंडारा घेतला. लेकरावर पडंल, असं म्हणताना त्याच्या मनात शिवशंकर होता. आपल्याला दोन लेकरं आहेत, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

सोमवारी तो एसटीने परभणीला गेला. पिशवीत ताज्या दुधाची लोटी होती. या खेपेला तो काचेच्या दाराकडे न जाता सरळ मागे वर्कशॉपात गेला. सिद्धोधन एका गाडीखाली झोपलेला होता, त्याचे पाय ओळखून म्हातारा तिथेच उकिडवा बसला.

“लेकरा, तू खरं बोलत होतास. मी देवाची खोटी आन घेतली.”

सिद्धोधन बाहेर सरकला. “जाऊ द्या बाबा. तुमाला कुटं म्हाईत होतं.”

“तुमी झाडून काढलेला केर कुटं टाकता?”

सिद्धोधन हसला नाही. त्याने म्हाताऱ्याला भिंतीमागे नेलं. तिथे काळ्या चिंध्या, फुटके दिवे, जुने फिल्टर आणि त्यांत मिसळलेली, दहा गाड्यांच्या पोटातून पडलेली माती आणि वाळू यांचा गुडघाभर ढीग होता. धोंडीबा खाली बसला. एक चिमूट उचलून त्याने उन्हाकडे धरली, बोटांत चोळली, टाकली, मग दुसरी उचलली. हजार मेंढरांतून एक कान ओळखणारा माणूस बराच वेळ तसाच बसून होता, पण त्याला आपली वाळू काही ओळखू आली नाही.

मग त्याने लोटीचं झाकण काढलं आणि सगळ्याच ढिगावर दूध ओतलं.