आज न्हाय, बुधवारी या

गिऱ्हाईक समोर उभं असतानाच तो ट्रेमधलं एक रोप मुळांच्या गड्ड्यासकट उपसायचा, उलटं धरायचा आणि म्हणायचा, "शेंडा नंतर. आधी मूळ बघा." मूळ पांढरं आणि मोकळं दिसलं, की रोप परत खाचेत ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबायचा. नाही दिसलं, तर "आज न्हाय. बुधवारी या." सोमवारी आलेल्यालाही बुधवार आणि गुरुवारी आलेल्यालाही बुधवारच.

बारामतीजवळच्या एका रोपवाटिकेत आम्ही दोघं सात वर्षं बरोबर होतो. टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू. शेतकरी बुकिंग करणार, आम्ही रोपं वाढवून देणार. वाढवायचं काम त्याचं, रेट ठरवून विकायचं माझं. म्हणजे मी गिऱ्हाईक गोळा करायचं आणि यानं ते बुधवारवर ढकलायचं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी जळायचो. खोटं कशाला बोलू, सात वर्षं रोज जळलो.

एकदा सुप्याचे एक तात्या आले. मी चांगलं तासभर बोलून त्यांना मिरचीच्या दहा हजार रोपांवर आणलं होतं. हा हात पुसत बाहेर आला.

"तात्या, हिरीला पाणी कुठवर आसतंय?"

"आसतंय की संक्रांतीपातूर."

"मग पाच हजारच न्या. बाकीची वाळवायला न्हेताय व्हय?"

तात्या पाच हजार घेऊन गेले. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. पुढच्या हंगामात तेच तात्या गावातल्या चौघांना घेऊन आले आणि माझ्या टेबलाला वळसा घालून थेट शेडनेटमध्ये शिरले. "ते कुठं हायत?" एवढंच मला विचारलं. माझ्या टेबलावर छापील कार्डं होती, त्याच्याकडं चिखलानं माखलेला अंगठा. लोकांना अंगठाच आवडायचा.

तसा तो काही देवमाणूस नव्हता. जेवून झालं की शेडच्या कडेला आडवा होऊन घोरायचा. डब्यात रोज कारळ्याची चटणी असायची, सात वर्षांत तिच्यातली चिमूटभर त्यानं मला विचारली नाही. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हीही त्याच्याच बाजूचे व्हाल.

सातव्या वर्षी रोपवाटिकेचे शेठ इंदापूरला दुसरी शाखा काढणार होते. तिथला मॅनेजर आमच्यातलाच एक होणार होता. ती खुर्ची मला हवी होती. इतकी हवी होती की रोज जेवताना बायकोपुढं तोच विषय. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांनाच मिळंल वो. माणूस चांगला हाय." झालं, घरातसुद्धा तोच.

नेमका तेव्हा टोमॅटोचा बाजार पडला. बुकिंग केलेले लोक रोपं न्यायला फिरकलेच नाहीत आणि रोपं ट्रेमध्येच म्हातारी झाली. मग अचानक बाजार चढला आणि दारात पिकअपची रांग लागली. म्हातारं रोप लावलं तर जगतं, हिरवंही दिसतं, पण फळ धरत नाही. शेतकऱ्याला ते दोन महिन्यांनी कळतं आणि तो हवेला दोष देतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"शेंडे खुडू," मी म्हणालो. "युरियाचा हलका फवारा मारू. चार दिवसांत कोवळी दिसतील. चढ्या रेटनं हातोहात जातील."

"वय सांगून निम्म्या रेटनं द्या," तो म्हणाला. "न्हायतर खड्ड्यात टाका."

शेठ वाईट नव्हते. ट्रेमध्ये मातीऐवजी भरायचं कोकोपीट महागलं होतं, ट्रे भरणाऱ्या बायांचे पगार थांबवायचे नव्हते, इंदापूरचं बांधकाम अर्ध्यावर होतं. बराच वेळ ते पेनचं टोपण काढत-घालत बसले. शेवटी म्हणाले, "निम्म्या रेटनं. वय सांगून." आणि त्याच्याकडं बघून, "इंदापुरातबी आसंच चालवायचं." मला कळायचं ते कळलं.

दोन दिवसांनी तो भाचीच्या लग्नाला पणदऱ्याला गेला. आठवडाभर रजा. शेठ इंदापूरला बांधकामावर. मी शेंडे खुडून घेतले, फवारा मारून घेतला आणि सगळा लॉट चढ्या रेटनं विकला. रुपया न् रुपया कंपनीत भरला. मला फक्त दाखवायचं होतं, धंदा कुणाला कळतो ते. शेठनी आकडा बघितला, मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही काहीतरी ठरवावं लागलं असतं. तो आल्यावर म्हणाला, "वय सांगितलं न्हवं?" मी म्हणालो, "सांगितलं की."

दोन महिन्यांनी निरवांगीचे एक आबा आले. खताच्या गोणीतून उपटलेली झाडं आणली होती, ती त्यांनी शेठच्या टेबलावर ओतली. झाडं हिरवीगार, फळ एक नाही. मुळं खाचेच्या आकाराचं वेटोळं घालून बसलेली.

"तुमच्यावर भरवसा ठिवून लावली," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "हंगाम गेला माजा."

"ही कुणी सोडली?" शेठनी विचारलं.

मी पंख्याकडं बघत होतो. त्यानं एक झाड उचललं, उलटं धरून मूळ बघितलं, मग सुलटं करून शेंडा खुडल्याची खूण बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"लॉट माजा हुता," तो म्हणाला. "वय झालेलं रोप शेडमधी ठिवून मी रजेवर जायाला नको हुतं. चूक माजी हाय, आबा."

शेठनी लगेच मान हलवली. त्यांनाही तेच सोयीचं होतं. आणि आबांनी काय करावं? उठून त्याचा हात धरला. "आसं म्हणणारा पयलाच भेटला," म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही वाटलं. मी जळलो. चूक माझी होती, आणि तिचा मानसुद्धा यानं नेला. दोन शब्द बोललो असतो तर तो हात माझा असता.

आबांना पुढच्या हंगामाची रोपं फुकट मिळाली, त्यानं स्वतः पिकअपमध्ये चढवली. इंदापूर मला मिळालं. महिन्याभरानं त्यानं नोकरी सोडली. जायच्या दिवशी दुपारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. वाटलं, आता बोलणार. त्यानं डबा उघडून चटणी पुढं केली.

"इंदापूरचं पाणी खारं हाय," तो म्हणाला. "रोपाला देताना बघा."

चटणी चांगली होती.

त्या खुर्चीत बसून मला पाच वर्षं झाली. निरवांगीचे आबा दर हंगामाला येतात. टेबलाला वळसा घालून शेडनेटमध्ये जातात, एक रोप उपसून उलटं धरतात, मूळ बघतात आणि परत खाचेत ठेवून अंगठ्यानं दाबतात. मग माझ्याकडं वळून विचारतात, "ते कुठं आसत्यात आता?"

सुप्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत, एक लहानसं शेडनेट आहे. पाटी नाही. बुधवारी तिथं पिकअप उभ्या असतात. मी दोनदा मुद्दाम जाऊन लांबूनच बघून आलोय.

"ठाऊक न्हाय, आबा," मी म्हणतो.