शिष्टरबाई पळायल्या

हसायचं नाही या अटीवर सांगते हं. म्हणजे तुम्ही हसणारच, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका!

मी तेव्हा पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका लहान गावात सरकारी नर्स होते. अख्खं गाव मला 'शिष्टरबाई' म्हणायचं. ज्या घरी जाईन तिथं भाकरी, हुरडा, तिळाचे लाडू. नाही म्हटलं की माणसं रुसायची! संक्रांतीनंतर एकदा सहज वजनकाट्यावर उभी राहिले, तर काटा असा काही फिरला, की मी खाली उतरून आधी काट्यालाच तपासलं.

थंडी सरत आली होती. लवकर उजाडायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आलेली, हवा कशी हलकी हलकी. म्हटलं, चला, रोज सकाळी पळायचं! नवऱ्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले, पुढं कापूस कोंबला, पदर खोचला आणि निघाले.

आता तुम्हीच सांगा, खेड्यात सकाळी सकाळी नर्स पळताना दिसली तर लोकांनी काय समजायचं? हा विचार माझ्या डोक्यात आला असेल? छे!

हापशावर सखूबाई पाणी भरत होती. तिनं हंडाच टाकला.

"शिष्टरबाई! काय झालं वो? कोन अडलंय?"

मला दम लागलेला. तोंडातून शब्द फुटेना. मी नुसता पुढं हात केला. म्हणायचं होतं, त्या चिंचेपर्यंत जाऊन येते. पण त्या रस्त्याला शेतात घर एकच, गंगाचं. आणि गंगाला नववा महिना लागलेला!

मी आपली पळतेय. काय मजा यायला लागली होती म्हणून सांगू! लहानपणी शाळेत पळाले होते, त्यानंतर थेट आत्ताच. चिंच जवळ आली आणि मागून धपधप आवाज. वळून बघते तर सखूबाई, तिच्या मागं चार बायका, त्यांच्या मागं धोतर सावरत गंगाचा चुलतसासरा. एकीच्या हातात गरम पाण्याचं पातेलं, एकीच्या खांद्यावर जुनं लुगडं.

मी थबकले. "काय झालं गं?"

"गंगाचं ना वो!" सखूबाई ओरडली.

"गंगाचं? कधीपासून?"

"आमाला काय ठावं! चला बिगीबिगी!"

पहिलटकरीण पोर, दिवस भरायचे आहेत, आणि मला कुणी बोलवायला कसं आलं नाही? आता मी खरी पळायला लागले. मधेच आठवलं, "अगं, माझी पेटी!"

"आनलीय की!" मागून आवाज. बघते तर एकीनं माझी औषधांची पेटी डोक्यावर घेतलेली. अशी माणसं, बघा!

धापा टाकत आम्ही सगळे अंगणात शिरलो. गंगा चुलीपुढं बसून निवांत भाकऱ्या थापत होती.

"काय झालं वो शिष्टरबाई?" तिनंच मला विचारलं.

"तुला कळा यायल्यात ना?"

"मला? न्हाई की!"

मी सखूबाईकडं बघितलं. सखूबाईनं माझ्याकडं.

"तुमी पळायल्ता म्हनून आमी पळालाव!"

"अगं, आणि तुम्ही पळत आलात म्हणून मी!"

"मंग आदी तुमी कामून पळायल्ता?"

खाली मान घालून म्हटलं, "वजन कमी करायला."

गंगा जी हसायला लागली! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी म्हणतेय, "अगं हळू, नाहीतर खरंच व्हायचं!" तिच्या सासूनं त्याच पातेल्यातल्या पाण्याचा चहा केला, वर प्रत्येकीला गरम भाकरी. झालं वजन कमी!

दुसऱ्या दिवशी हापशावर पाच बायका उभ्या. "आमाला बी येऊ द्या. काल लय बरं वाटलं बगा." कासोटा घातलेली सखूबाई अनवाणी पळायची आणि बूटवाल्या मला कधीच मागं टाकायची. दिवसभर घरात, शेतात राबणाऱ्या बाया. त्या अर्ध्या तासात त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. रस्ताभर नुसतं खिदळणं!

दोन-तीन आठवडे असे छान गेले. मग एका संध्याकाळी गंगाचा दीर सायकल हाणत आला. कळा सुरू झाल्या होत्या! त्याला पलीकडच्या वस्तीवरच्या म्हातारीला आणायला पिटाळलं, मी पेटी उचलली आणि सुटले.

हापशावर सगळ्या जमलेल्या. मी ओरडले, "चला गं, गंगा अडलीय!"

सखूबाईनं हातसुद्धा हलवला नाही. "आता न्हाई फसायच्या आमी! आन पेटी घिऊन पळल्यावर वजन लवकर उतरतंय व्हय?"

सगळ्या खो खो हसल्या. पहिलटकरीण, मदतीला हात हवेत, म्हणून मी उभी राहून शपथा घेतेय, हातापाया पडतेय, आणि त्या अजूनच हसतायत. त्यांना पटेपर्यंत जो वेळ गेला, तो गेलाच.

आम्ही पोचलो तेव्हा आतून टॅहँ टॅहँ ऐकू येत होतं. सासू आणि वस्तीवरची म्हातारी, दोघींनी निभावून नेलं होतं. मुलगी. दोघी ठणठणीत. नाळ कापायचं तेवढं काम माझ्या वाट्याला उरलं.

हात धुऊन मी भिंतीला टेकले, घामानं निथळत. सासूनं मला पाणी दिलं, माझ्या बुटांकडं एकदा बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाली,

"शिष्टरबाई, उद्यापासून पळायला जरा लवकर निघत जा."